बाहेर जा, परत या

सरांनी मला पहिल्यांदा हाकललं तेव्हा माझ्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पोस्टिंग शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागलं होतं. समोरच्या खाटेवर एक मावशी होत्या, भजी तळताना कढई कलंडून त्यांचा हात भाजला होता. मी जवळ गेले आणि शक्य तेवढ्या मायेनं म्हणाले, "घाबरू नका हं मावशी, थोडंसंच दुखेल."

मागून एक चिरका, सर्दी झालेला आवाज आला. "बाहेर जा. परत या."

मला वाटलं, हात धुवायचे राहिले. मी बाहेर जाऊन हात धुतले आणि परत आले. म्हणाले, "काही होणार नाही मावशी, अजिबात घाबरायचं नाही."

"बाहेर जा. परत या."

पुढच्या खेपेला मी काहीच बोलले नाही. ट्रे ठेवला आणि रडू येऊ नये म्हणून खाली बघत उभी राहिले. मावशींनीच विचारलं, "काय गं पोरी, सारखी कुठं पळतीस? जेवली का नाय?"

"हां," सर म्हणाले. "आता बरं झालं. आता पेशंटला निदान तुझी काळजी वाटतेय. स्वतःची विसरल्या." मग माझ्याकडे वळून: "घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरायचं काय आहे ते शोधतो. दुखेल म्हटलं की कुठं दुखेल ते शोधतो. आपण शोधायला लावायचं नाही."

हे त्यांना पहिल्या वेळीच सांगता आलं असतं. पण सरांना सोपं काही सांगायला आवडायचं नाही.

ते भूलतज्ज्ञ होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे यायचे. ऑपरेशनला भूल देणं हे त्यांचं मुख्य काम, पण त्याबरोबर ते संमोहनही वापरायचे. ज्यांना पूर्ण भूल देणं धोक्याचं, ज्यांचं रोज ड्रेसिंग करावं लागतं, ज्या मुलांना टाके घालताना चार माणसं धरून ठेवतात, त्यांच्यासाठी. भूल सोडून संमोहन असं नाही, भुलीच्या जोडीनं संमोहन. सुई, मॉनिटर, ऑक्सिजन सगळं जागच्या जागी लागायचं. "गोष्ट रंगली म्हणून इंजेक्शन विसरशील तर याद राख," असं ते मला दर वेळी ऐकवायचे. मी एकदाही विसरले नव्हते.

संमोहन करणारा डॉक्टर म्हटल्यावर माणूस काहीतरी भारदस्त कल्पना करतो. सर हे कृश, तिरसट, बारमाही सर्दीचे गृहस्थ होते. पायात रबरी चपला. एप्रनच्या खिशाला कायम तेलाचा डाग, कारण खिशात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली असायची. ट्रॉलीचं चाक किंवा दाराची बिजागरी करकरली की ते राउंड सोडून तिथं उकिडवे बसायचे. मागे नातेवाईक, ज्युनियर डॉक्टर, जेवणाची गाडी, सगळे खोळंबलेले. वॉर्डबॉय मामांना ते म्हणायचे, "मी माणसाला अर्धा तास लावून शांत करतो आणि तुमचं चाक एका मिनिटात त्याला उठवतं." मामा म्हणायचे, "सर, नवीन चाकाचं तुम्ही ऑफिसात बोला ना." सर ऑफिसात बोलायचे नाहीत. तेलच घालायचे.

लोकांनीही त्यांना कमी छळलं नाही. पेशंट आले की आधी लॉकेट शोधायचे. टीव्हीवर बघितलेलं असतं, डोळ्यांसमोर काहीतरी हलवतात. एकानं तर घरून स्वतःची साखळी आणली होती, "डॉक्टर, तुमच्याकडं नसंल तर" म्हणून. सरांनी ती सलाईनच्या स्टँडला अडकवली आणि त्याला म्हणाले, "ती तिथं राहू दे. तुम्ही मला डाव्या पायाच्या अंगठ्याला काय वाटतंय ते सांगा." एक बाई नवऱ्याची दारू सोडवायला घेऊन आल्या. कॅन्टीनवाल्याला मुलगा बारावी पास करून हवा होता. अशा प्रत्येकाला सर कॉरिडॉरमध्ये उभं करून व्याख्यान द्यायचे. मी कुणाच्या मनाविरुद्ध त्याची पापणीसुद्धा हलवू शकत नाही, ही झोप नाही, जादू नाही, हे फक्त लक्ष एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणं आहे. ऐकून झाल्यावर कॅन्टीनवाला म्हणाला, "ते समजलं सर. पण पोराला कधी आणू?"

आणि हेच सर दवाखान्यातल्या लसीच्या शिबिरात रांगेतून मागे मागे सरकत होते. शेवटी मीच सुई घेऊन समोर गेले. त्यांनी मान भिंतीकडे वळवली, डोळे गच्च मिटले. मी काहीच बोलले नाही, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. ते भिंतीला म्हणाले, "मी घाबरलेलो नाही."

पण एवढं असूनही ते जे करायचे ते खरं होतं, हे मला सांगितलं पाहिजे. त्या भज्यांच्या मावशींचं ड्रेसिंग आधी सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. त्या दिवशी सर खुर्ची ओढून बसले. तोच चिरका आवाज, पण सायकलवरून उतरून कुणी चालत येऊ लागावं तसा हळू झालेला. त्यांनी मावशींना गंगेच्या काठी नेलं, पाण्यात पाय सोडून बसवलं. मी पट्टी सोडवत होते. जिथं जखमेला चिकटली होती तिथं मीच थांबले. मावशींचा हात तसाच पडून होता.

"दुखतंय का मावशी?" सरांनी विचारलं. आम्हाला बंदी असलेला शब्द ते स्वतः मात्र वापरायचे.

"दुखणं हाय," मावशी डोळे मिटून म्हणाल्या, "पण ते पलीकडच्या काठाला बसलंय."

त्या रात्री होस्टेलवर मला बराच वेळ झोप आली नाही.

तर ती गंगा. आम्ही नाशिककडचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. सर प्रत्येक पेशंटला तिथंच न्यायचे. शिक्षक असो, रिक्षावाला असो, चार वर्षांचं मूल असो, सगळ्यांना तोच काठ, तेच थंड पाणी, तेच चिंचेचं झाड. पंचवटीतले एक गुरुजी दात काढायला आले होते. पूर्ण गुंगीचं औषध त्यांना चालणार नव्हतं. सरांनी त्यांना काठावर बसवलं तर ते अस्वस्थ व्हायला लागले. म्हणाले, "डॉक्टर, तिथं मी पहाटेपासून उभा असतो, यजमान शोधत. तिथं कसली विश्रांती?" त्यावर सरांनी काय करावं? काठ बदलला. त्यांना घाटावरून उचललं आणि वर गंगापूर धरणाच्या बाजूला नेऊन बसवलं. नदी तीच.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, दर वेळी नदीच का?"

"मला तिथं बरं वाटतं."

"पण सर, पेशंट तर–"

"बाहेर जा."

परत या, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत. मी आपली आपणहून आले.

माझा त्यांच्यावरचा खरा राग मात्र वेगळाच होता. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. आई-वडील दोघं द्राक्षबागेत मजुरीला. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. होस्टेलवर सुरुवातीला मी "लय" म्हटलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. वाईट नव्हत्या त्या, पण बघायच्या. मग मी बोलणं बदललं. आरशासमोर उभं राहून, मोठ्यानं वाचून, एकेक शब्द घासून. एक दिवस कॉरिडॉरमध्ये मी फोनवर वडिलांशी बोलत होते, सर तेलाची बाटली घेऊन दाराआड बसले होते. फोन ठेवल्यावर उठले आणि म्हणाले, "ही भाषा पेशंटशी का बोलत नाहीस? वॉर्डात तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस."

मी इतक्या कष्टानं जे मिळवलं होतं ते त्यांना बातम्या वाटत होतं. मनात आलं, यांचं बरं आहे, यांना जन्मतःच मिळालंय, आता मला सांगतायत तू आपली होतीस तिथंच रहा. मी तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग आला.

आणि मग वडिलांचंच ऑपरेशन निघालं.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांना हर्निया होता. दोनदा आतडं त्यात अडकलं आणि कसंबसं मागे सरकलं. आमच्या सर्जननी साफ सांगितलं, आता थांबायचं नाही, तिसऱ्यांदा अडकलं तर घाईनं पूर्ण भूल देऊन पोट उघडावं लागेल, आणि ती भूल यांना झेपेलच असं नाही. कारण बागेत वर्षानुवर्षं औषध फवारून दादांची छाती कमजोर झालेली. पाठीत भूल द्यावी तर ट्रॅक्टरवरून पडल्यावर मणक्यात धातूची पट्टी बसवलेली. राहिलं ते तेवढी जागा बधिर करून ऑपरेशन करणं. त्यातही अडचण होती. दादा उताणे झोपले आणि मनातून घाबरले की त्यांना खोकला सुरू व्हायचा, आणि तो एकदा लागला की थांबायचा नाही. पोट असं हिसके देत असताना कुणी टाके कसे घालणार?

"माझ्याकडे द्या," सर म्हणाले.

दादा एसटीनं आले, निमाणी स्टँडवरून चालत दवाखान्यात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भगत."

"नाय ओ दादा, डॉक्टर हायेत ते."

"डोळे मिटायला लावतो. गुणगुणतो. मंग माणूस भानावर ऱ्हात नाय. भगतच की. माझ्या बापानं देव्हारा उचलून नदीत सोडला, दीक्षा घेतली, भगताला परत दार उघडलं नाय. आन् मी तुझ्या दवाखान्यात येऊन त्याच्यापुढं बसू?"

मला वाटलं सर चिडतील. सरांनी टाळी वाजवली. "हाच पेशंट मला पाहिजे होता," म्हणाले. खुर्ची ओढून दादांसमोर बसले आणि जे कॅन्टीनवाल्याला कळलं नव्हतं ते सगळं दादांना सांगितलं. दादांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. मी मध्येच उठून गेलो तर? जा. मला सगळं ऐकू येईल का? येईल. मी नाही म्हटलं तर? तर नाही. शेवटी दादा म्हणाले, "असं असंल तर बघू करून. पण देवधरम मधी आणायचा नाय."

"अजिबात नाही," सर म्हणाले. "डोळे मिटा काका. आता तुम्ही गंगेच्या काठी बसला आहात."

मी कपाळाला हात लावला.

दादांनी डोळे उघडले. "गंगेत पाय धुवायला मी काय पाप केलंय?"

"पाप नाही हो. नुसतं पाणी आहे. धरणाचं."

दुसऱ्या बैठकीला सरांनी गंगा हे नाव गाळलं. नुसती नदी ठेवली. "तुम्ही सावलीत बसलात. काही काम नाही. कुठं जायचं नाही." दादा थोडा वेळ बसले. मग डोळे मिटूनच म्हणाले, "काम नसंल तर घरी जाऊ का?" आणि खोकला लागला. सर माझ्यावर उखडले, जणू काही वडील मी निवडले होते. "हा माणूस रिकामा बसूच शकत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "रोजंदारीवर कोण रिकामं बसू देतं सर?" हे बोलले आणि मलाच भीती वाटली. सरांनी मान हलवली. पण पुढच्या बैठकीला पुन्हा नदी.

सर्जन तोवर कंटाळले होते. दारातून डोकावून म्हणाले, "सर, तारीख देऊ का, की अजून पाणी सुटायचंय?"

त्या तिसऱ्या बैठकीत सर "थंडगार पाणी" एवढं बोलले आणि दादांनी हात वर केला.

"डॉक्टर, एक सांगू?"

"बोला काका."

"तुमी जरा बाहेर जा. परत या. आन् या टायमाला नदी आणू नका."

मी दादांना सरांची ही सवय फोनवर सांगितली होती, हसण्यासाठी. आता मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर उभे राहिले. दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाक पुसलं. आणि खरंच बाहेर गेले. रबरी चपलांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. मला वाटलं, संपलं, आता ते यायचे नाहीत.

दारावर टकटक झाली. ते आत आले, बसले आणि म्हणाले, "काका, असं कधी होतं का, की तुमचं डोकं अगदी गप्प होतं?"

दादांनी विचार केला. "छाटणीला होतं. कात्री हातात आली आन् येलीवर फुटीचे डोळे मोजाया लागलो की बाकी काय सुचत नाय. कोणी हाक मारली तरी येकू येत नाय. ही सांगंल."

"तेव्हा खोकला येतो?"

दादांनी हवेतच दोनदा कात्री दाबल्यासारखा अंगठा दाबला. मग माझ्याकडे बघून, जणू मीच विचारलं होतं, म्हणाले, "तवा नाय येत."

ऑपरेशनच्या दिवशी मला आत घ्यायला मेट्रन तयार नव्हत्या. पेशंटची मुलगी आत नको, आणि त्यांचं बरोबरच होतं. सरांनी वाद घातला. मला छाटणी येत नाही, हिला येते, एवढं एकच ते म्हणत राहिले. मेट्रन दमून हो म्हणाल्या. सगळे शेवटी दमूनच त्यांना हो म्हणायचे.

थिएटरमध्ये सरांनी मॉनिटरचा आवाज बारीक केला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, औषधं भरून हाताशी ठेवली. सर्जननी इंजेक्शन देऊन जागा बधिर केली. सरांनी सुरुवात केली, "काका, आता तुम्ही बागेत उभे आहात. समोर झाडं आहेत." पण त्यापुढं त्यांची गाडी अडली. बागेत माणूस काय करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तू बोल. घरचं बोल."

सर्जन होते, दोन सिस्टर होत्या, माझ्या वर्गातली एक मुलगी होती. मी मनात जुळवलेलं पहिलं वाक्यही बातम्यांसारखंच होतं. इतक्या दिवसांची सवय अशी एकदम सोडता येत नाही. तेवढ्यात दादांच्या घशातून ती बारीक घरघर आली, खोकल्याच्या आधी येते ती. मी लहानपणापासून ओळखते ती.

"दादा," मी म्हणाले, "कात्री घेतली का?"

"घेतली."

"धार हाय का?"

"हाय."

"मंग लागा. इहिरीकडची वळ हाय. मी पल्याडच्या वळीत हाय. तुमी म्होरं व्हा."

घरघर थांबली. चादरीखाली त्यांचा उजवा अंगठा हलू लागला, दाबत, सोडत. मी वेलीमागून वेल नेत होते. काडी धरा, डोळे मोजा, मारा कात्री. मी भराभर बोलू लागले की सर माझ्या कोपराला बोट लावायचे, हळू. एवढंच. बाकी सगळा वेळ ते मॉनिटरकडे आणि दादांच्या छातीकडे बघत गप्प उभे होते. इतका वेळ गप्प मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सर्जननी आत काहीतरी ओढलं तेव्हा दादांच्या कपाळावर आठी आली. मी म्हणाले, "जाड काडी आली जणू."

"हां," दादा म्हणाले. "दाबून मारावी लागंल." आणि आठी गेली.

शेवटी सर्जन हात वर करून म्हणाले, "झालं. माझं झालं."

"माझं नाय झालं," दादा डोळे मिटून म्हणाले. "थोड्या येली ऱ्हायल्या."

सर्जननी सरांकडे बघितलं. "सर, पुढची केस बाहेर आहे."

"त्यांना सांगा, ओळ संपत आलीय."

आणि सगळे थांबले. ग्लव्ह्ज घातलेले, मास्क लावलेले, दादांचा अंगठा थांबायची वाट बघत. मी शेवटच्या वेली घाई न करता नेल्या. दादांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं. "रडतीस कशाला? कोणी काय बोललं का?" मग सरांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुमी तर कायबी केलं नाय."

सरांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. पुढे कितीतरी दिवस ते हे वाक्य दिसेल त्याला ऐकवत होते. मेट्रनना, मामांना, कॅन्टीनवाल्याला. "मी काहीच केलं नाही असं पेशंट स्वतः म्हणाला. हेच तर मी सांगतोय." लोक मान डोलवून सटकायचे. आणि पुढच्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याला त्यांनी परत गंगेच्या काठी नेऊन बसवलं. मी नुसती बघत राहिले. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, मध्येच थांबले, उठले, बाहेर गेले आणि दार वाजवून परत आले.

दादा दर हंगामात त्यांना द्राक्षांची पेटी पाठवतात. सर फोन करून आधी विचारतात की यावर काय फवारलंय, मग मास्क लावता का यावर दादांना सुनावतात, मग द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात आणि ती पिचपिचीत झाली म्हणून मला तक्रार करतात.

माझं शेवटचं वर्ष आहे. पोस्टिंग आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. तिथल्या ट्रॉलीचं चाक फार करकरतं. काल एक आजी आल्या होत्या, वणीकडच्या, सुई बघूनच हात आखडून घेतलेला. गडबड होती, माझ्या तोंडून निघून गेलं, "घाबरू नका आजी."

मी ट्रे उचलला आणि बाहेर गेले. दाराशी जरा थांबून परत आले.

"काय इसरली व्हती का गं बाई?" आजींनी विचारलं.

"हां आजी," मी म्हणाले. "तुमी काय काम करता, ते इचारायचं ऱ्हायलं व्हतं."